हिशेब वर जातो, खाली येत नाही

चर्चच्या पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच चोरीवर येतं. कुठला प्लॉट कोणी कितीला दिला, कोणाचा जावई कुठल्या शाळेत चिकटला, कोण कोणाविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने जबलपूरच्या तेव्हाच्या बिशपांच्या घरावर छापा घातला. दीड कोटीहून जास्त रोकड मिळाल्याच्या बातम्या आल्या आणि काही दिवसांतच नागपूर विमानतळावर त्यांना अटक झाली. ते त्या वेळी अख्ख्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे, मॉडरेटर, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी होते. खरं-खोटं कोर्ट ठरवील. पण त्यानंतर कित्येक महिने विदर्भातल्या मंडळ्यांमध्ये उपासना सुटली की दाराशी हाच विषय असायचा, आणि त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणी विचारली नाही. आपल्या पास्टोरेटचा, म्हणजे एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळ्यांचा, मागच्या वर्षीचा हिशेब आपण कधी ऐकला?

चोर पकडला तरी गावच्या मंडळीला हिशेब मिळत नाही. बिशप धुतल्या तांदळासारखा असला तरी मिळत नाही. म्हणून मला हा प्रश्न चांगल्या-वाईट माणसांचा वाटत नाही. आपल्या चर्चमध्ये हिशेब वर जातो. तो खाली यावा अशी सोय कधी केलीच गेली नाही, आणि ती का केली गेली नाही याला इतिहास आहे.

या भागात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या परंपरेचं, चर्च आलं ते दोन वाटांनी. एक सरकारी. कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी आणि नागपूरच्या साहेबांसाठी चॅप्लेन, म्हणजे सरकारी पाळक, असत. त्यांचा पगार हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्याच शेतसाऱ्यातून निघे. दुसरी वाट मिशनची. चांद्याला स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांचं फ्री चर्चचं काम होतं. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप नसलेल्या पंथाचे, पण पैसा त्यांचाही स्कॉटलंडचाच. १९०३ मध्ये एअर चॅटरटन नागपूरचे पहिले बिशप झाले, आणि चांद्याच्या मिशनमध्ये उमेदीची वर्षं काढलेले अ‍ॅलेक्स वुड १९२६ मध्ये त्याच पदावर आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला तेव्हा मिशनऱ्यांनी अनाथ लेकरं सांभाळली. ते उपकार नाकारणारा मी नाही. आमच्यातल्या कित्येकांची घराणी तिथूनच सुरू होतात.

पण पैसा बाहेरून येत होता, त्यामुळे हिशेबही बाहेर जात होता. किती बाप्तिस्मे, किती मुलं बोर्डिंगात, किती रुपये धान्यावर, हे सगळं इंग्रजीत लिहून एडिंबरोला जाई आणि तिथले देणगीदार ते वाचत. ज्याचा पैसा त्याला हिशेब, यात चूक काहीच नव्हती. चांद्याकडच्या खेड्यातला ख्रिस्ती माणूस त्या अहवालात असे, पण तो अहवाल त्याच्यासाठी नसे.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झालं. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स. (अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. यवतमाळकडचे फ्री मेथॉडिस्ट आणि अकोला-अमरावतीकडची अलायन्स मंडळी तर वेगळीच. बाहेरच्यांना आम्ही सगळे एकच वाटतो, म्हणून हे सांगावं लागतं.) हळूहळू परदेशी मिशनरी गेले, त्यांचा पैसा आटत गेला. अहवालाची सवय मात्र राहिली. एडिंबरोच्या जागी दिल्लीचं सिनड, म्हणजे सीएनआयची सर्वोच्च सभा, आलं आणि कागद पूर्वीसारखाच वर जात राहिला. पैसा कोणाचा हे बदललं, हिशेब कोणाला द्यायचा हे बदललं नाही.

कागदावर सीएनआयची घटना लोकशाहीची आहे. मंडळी पास्टोरेट कमिटी निवडते, पास्टोरेट डायसिसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, परिषदेवर प्रतिनिधी पाठवतं, परिषद कार्यकारी समिती नेमते, सगळ्यांच्या वर सिनड. ग्रामपंचायत ते संसद, तसंच. पण निवडून दिलेल्या माणसाला माहिती मिळत नसेल तर त्याने हात वर करायचा तरी कशाच्या आधारावर? खेड्यातला प्रतिनिधी एसटीने येतो, दोन दिवस राहतो, इंग्रजीतलं जाड बाड त्याच्या हातात त्याच दिवशी पडतं आणि जेवणाआधी ताळेबंद मंजूर झालेला असतो. घरी गेल्यावर बायको विचारते, काय झालं? तो सांगतो, सगळं चांगलं झालं, जेवणही चांगलं होतं.

आता गावचा पैसा बघा. रविवारची दानाची थैली ही त्यातली सगळ्यात लहान बाब. खरा पैसा सुगीच्या उपासनेला जमतो. धानपट्ट्यात धानाच्या पायल्या, पश्चिमेकडे तूर आणि सोयाबीन, सोबत भोपळे, अंडी, एखादं कोंबडं, घरचं तूप. उपासना झाली की लिलाव. त्या लिलावात बाजारात वीस रुपयांना मिळणारा भोपळा तीनशेला जातो, कारण बोली लावणारा भोपळा घेत नसतो, दान देत असतो. कोणी घेतलेला भोपळा परत टेबलावर ठेवतो आणि तो दुसऱ्यांदा विकला जातो. मजुरीवर जगणारी बाई चढत्या बोलीत आपले पन्नास रुपये घालते आणि हसते. वर्षातून एकदा त्या टेबलाभोवती अख्खी मंडळी उभी असते आणि प्रत्येक रुपया सगळ्यांसमोर मोजला जातो. पैसे टेबलावर असेपर्यंत सगळं उघड असतं. एकदा ते पाकिटात जाऊन पास्टोरेटच्या खात्यात पडले, त्यातून डायसिसला भरायचा ठरलेला वाटा गेला, की पुढे काय झालं ते ज्यांनी बोली लावली त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. पाळकाचा पगार वेळेवर झाला का, दफनभूमीच्या कुंपणाला किती लागले, काहीच नाही.

खेड्यातल्या लोकांना ताळेबंद काय समजणार, हे मी चांगल्या शिकलेल्या ख्रिस्ती माणसांकडून ऐकलं आहे. त्यांनी एकदा महिला बचत गटाच्या बैठकीला बसावं. विदर्भात असं गाव सापडायचं नाही जिथे बचत गट नाही. सातवी शिकलेली सचिव कर्ज, व्याज, दंड, बँकेतली शिल्लक वाचून दाखवते आणि पाच रुपये चुकले तर समोरची बाई तिथेच बोलते, "काहून वो, माहे मागच्या खेपेचे कुठी गेले?" याच बाया रविवारी चर्चमध्ये बसतात. सोमवारी त्यांना हिशेब समजतो आणि रविवारी समजत नाही, असं म्हणणाऱ्याला त्यांना हिशेब द्यायचा नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि उदाहरणं काही लांबची नाहीत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणाऱ्या गोंड लोकांनी २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, आणि बांबूच्या पैशाचा निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या गावांसाठी आरोग्य विमा चालवला तो ज्वारीवर. ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी, आणि गाव मिळून सामील झालं तरच योजना लागू. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं नाव आमच्या ख्रिस्ती घरांतही आदराने घेतात, कारण गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने बिनपगारी येऊन राबतात आणि दिलेल्या पैशाचं काय झालं ते भक्ताला डोळ्यांनी दिसतं. आपल्याला हे बोलायला अवघड जातं, पण शेजारच्या देवस्थानाकडून शिकण्यात प्रभूचा काही अपमान नाही.

जमिनीचं प्रकरण सगळ्यात किचकट, आणि माझा मुख्य आग्रह तिथेच आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं, म्हणजे १९५० च्या जुन्या मुंबई कायद्याचं, कलम ३६ सांगतं की न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तरी लागते. परवानगी देताना आयुक्त न्यासाचं हित, फायदा आणि संरक्षण पाहतात. कायदा चांगला आहे. पळवाटाही सगळ्या धर्मांच्या ट्रस्टांना तोंडपाठ आहेत. अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा वाढवायचे, किंवा मोडकळीस आलेल्या बोर्डिंगची इमारत आणखी मोडकळीस येऊ द्यायची आणि मग "उपयोग नाही" असा ठराव करायचा. त्यात आपल्याकडे नझूलची भानगड. शहरातल्या ज्या जुन्या मिशन-जमिनी सरकारी पट्ट्यावर आहेत त्या ठरावीक कारणासाठी दिलेल्या. कारण बदललं, अट मोडली की सरकार दारात. गावाकडच्या सातबाऱ्यावर तर कुठे कुठे अजून जुन्या मिशनचंच नाव. ती जमीन नेमकी कुणाची, हे सांगणारा म्हातारा दफनभूमीत.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल प्रत्येक पास्टोरेट कमिटीने वाचायला हवा. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या ट्रस्टची मालमत्ता ऐक्यानंतर सीएनआयची झाली का, असा तो वाद होता. न्यायालयाने सांगितलं की ऐक्याचा ठराव केला म्हणजे नोंदलेल्या ट्रस्टची मालमत्ता आपोआप दुसरीकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची ठरलेली रीत पाळावी लागते. १९७० च्या आनंदात जे गृहीत धरलं गेलं, ते त्रेचाळीस वर्षांनी कागदावर टिकलं नाही. आपल्या प्रत्येक कंपाउंडबद्दल हा प्रश्न उद्या उठू शकतो.

पण कलम ३६ मध्ये एक पोकळी आहे. आयुक्तांना अर्ज करतात विश्वस्त. ज्या मंडळीच्या अंगणातली ती जमीन, तिला कोणी विचारलंच पाहिजे असं तिथे कुठे नाही. सरकारने कायदा बदलावा असं मी म्हणत नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांत सरकारने आणखी हात घालावा, ही मागणी आजच्या दिवसांत कोणताही शहाणा ख्रिस्ती माणूस करणार नाही. डायसिसने आपल्याच परिषदेत नियम करावा. ज्या पास्टोरेटच्या हद्दीतली जमीन किंवा इमारत, त्या पास्टोरेटच्या सर्वसाधारण सभेत व्यवहाराचा मसुदा, भाडं, मुदत आणि समोरच्या पार्टीचं नाव मराठीत वाचून दाखवल्याशिवाय आणि सभेचा ठराव जोडल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. तीन वर्षांच्या आतले करारही याच नियमात. सभेने नकार दिला तर परिषदेत कारणं देऊन तो फिरवता येईल, पण परिषदेच्या उघड मतदानानेच.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप भीतीचा आहे, आणि ती भीती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही पुरते नव्हते. विदर्भातल्या खेड्यात तर गावात दोन घरं. धर्मांतराच्या आरोपाने प्रार्थनासभा बंद पाडल्या जातात, अशा वेळी आपला पैसा आणि जमिनी उघड्यावर मांडल्या तर विरोधकांच्या हातात आयतं कोलीत नाही का मिळणार? मी हे अनेकदा मनात घोळवलं आहे. पण ट्रस्टची नोंदवही, मालमत्तेची यादी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट, हे सगळं धर्मादाय कार्यालयात पडलेलं आहे. फी भरून कोणीही नक्कल काढतो. ज्याला आपलं वाईट करायचं आहे त्याच्याकडे वकील आहे, त्याने ती कधीच काढली. माहिती नाही ती फक्त थैलीत पैसे टाकणाऱ्या बाईला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्याच दुसऱ्या एका प्रकरणात सीएनआयला सांगितलं की असले वाद दिवाणी कोर्टात नाहीत, या कायद्याखालच्या यंत्रणेकडेच न्यावे लागतील. म्हणजे भांडण झालं की आपले कागद तिथेच उघडणार. आणि राज्यघटनेचं कलम २६ धर्मसंप्रदायाला मालमत्तेचा कारभार करायचा हक्क देतं, तो कायद्यानुसार करायचा असं सांगूनच.

दुसरा आक्षेप भाविक लोकांचा. बिशप हा मेंढपाळ आहे, त्याला मुनिमासारखा जाब काय विचारता? मला हे पटतं. म्हणूनच मुनिमाचं काम त्याच्याकडून काढून घ्यावं. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. प्रेषितांनी चौकशी समिती नेमून अहवाल दाबून ठेवला नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि म्हणाले, सात माणसं तुम्हीच निवडा. वाटप त्यांच्याकडे गेलं, प्रार्थना आणि वचन प्रेषितांकडे राहिलं. चर्चच्या इतिहासातला पैशाचा हा पहिला वाद विधवांकडे झालेल्या दुर्लक्षावरून निघाला होता, तेवढं आपल्या महिला मंडळाने लक्षात ठेवावं.

हे सगळं आज निकडीचं झालं ते सेवाकार्यामुळे. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतून प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, आणि मोठ्या संस्थेने घेतलेला निधी लहान संस्थेला पुढे देता येत नाही. खेड्यातल्या कामाला पैसा पोचायचा तो नेमका याच साखळीतून. एप्रिल २०२४ मध्ये सीएनआयच्या सिनडच्या समाजसेवा मंडळाची आणि कासा या चर्चांच्या सामाजिक संस्थेचीही परदेशी निधीची नोंदणी रद्द झाल्याची बातमी आली. सरकारच्या हेतूबद्दल माझं मत चांगलं नाही. पण रडून काय होणार? आता उरलेला पैसा इथलाच आहे. शहरातल्या दुकानांचं भाडं, इंग्रजी शाळांची फी, आणि खेड्यातली थैली. एडिंबरोचा देणगीदार हिशेब मागत होता तसा तो आता इथल्या माणसाने मागायचा आहे.

मागितला तर काय दिसेल याचा अंदाज मला आहे. शहरातल्या शाळांचे वर्ग भरलेले आणि तालुक्याच्या गावची बोर्डिंगं बंद. ज्या बोर्डिंगात राहून आमच्या आधीच्या पिढीतल्या मुली नर्स झाल्या, मुलं शिक्षक झाली, तिथे आता सागाची सुकी पानं. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून, पंचवीस टक्के गरीब मुलांच्या जागांच्या सक्तीतूनही, मोकळं केलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्यावर शंका घेतली, तो भाग वेगळा. सक्ती नाही म्हणून मोकळीक वापरायची तर ती कोणासाठी? खेड्यातल्या ख्रिस्ती शेतमजुराच्या पोरीला त्या शाळेत जागा नसेल तर अल्पसंख्याक हा शब्द फक्त लेटरहेडवर राहतो. माझी मागणी सरळ आहे. शहरी मालमत्तेच्या भाड्यातला निदान तिसरा हिस्सा गावाकडच्या कामाला बांधून द्यावा, आणि तो कशावर जाईल हे गावच्या मंडळ्यांनी ठरवावं. कुठे बोर्डिंग पुन्हा सुरू होईल. कुठे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचं कर्ज, वारसाची नोंद, मुलांची फी यांसाठी हेलपाटे घालणारा एक माणूस पगारावर ठेवता येईल. ती बाई कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची हे विचारायचं नाही. अचलपूरजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. तिथे रोग्याचा धर्म बघून मलमपट्टी होत नाही.

एक अडचण मात्र माझ्याकडे सुटत नाही. सभेत मतदान म्हटलं की सभासदांची यादी आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. शीख झाला तर १९५६ पासून, बौद्ध झाला तर १९९० पासून जात नाहीत. दीक्षाभूमीच्या या मुलखात याचा अर्थ प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामुळे रविवारी येणारी काही माणसं यादीत नसतात, आणि यादीत नाव घाला म्हणावं तर त्यांच्या पोराची शिष्यवृत्ती आपण धोक्यात घालतो. यादी लहान म्हणून गावाचा परिषदेतला आवाज लहान. मला वाटतं हिशेब ऐकायला आणि बोलायला सगळ्यांना बसू द्यावं आणि मोजणीपुरती यादी पाहावी. हे समाधानकारक नाही, पण आजच्यापेक्षा बरं आहे.

वाचन कधी करायचं तेही ठरवून घ्यावं, नाहीतर नियम होईल आणि तारीख होणार नाही. वर्ष ३१ मार्चला संपतं, सहा महिन्यांत ऑडिट व्हायला हवं, म्हणजे सप्टेंबरअखेर आकडे तयार. सोयाबीन काढणाऱ्या गावांनी ऑक्टोबर संपताना सभा घ्यावी, धानाच्या गावांनी कापणी-मळणी उरकून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सुगीच्या लिलावाच्याच दिवशी. टेबल मांडलेलंच असतं. त्याच्या पुढे ढकलू नये. नाताळ लागला की आमच्याकडे हिशेब ऐकायला कोणी थांबत नाही.